पाचवं बेअरिंग

कवळीकाकांना क्लबात कवळीकाका म्हणत, कारण त्यांनी जन्मभर लोकांच्या कवळ्या बनवल्या. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि काका आपल्या खोलीत बसून ओतायचे, घासायचे, चकाकवायचे. अर्ध्या गावाचं हसू माझ्या हातचं आहे, असं ते म्हणत आणि त्यात फारशी बढाई नव्हती. काम थांबवल्यावर माणसं बागेत लक्ष घालतात, नाहीतर दुसऱ्यांच्या संसारात. काकांनी जुन्या मोटारींच्या क्लबात नाव घातलं आणि एक काळी, चार दारांची गाडी ओढून आणली. आधीच्या मालकाने तिच्यात कोंबड्या पाळल्या होत्या. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "कोंबड्या निदान अंडी तरी देत होत्या."

क्लब म्हणजे बसगाड्यांचं एक जुनं गॅरेज. वर पत्रा, पत्र्यात काचेच्या खिडक्या, खाली चादरी पांघरून झोपलेल्या गाड्या. माणसं सगळी वयाने मोठी आणि हौसेने शाळकरी. अध्यक्ष होते कप्तान. ते खरं तर जहाजावरचे इंजिनिअर, पण 'कप्तान' म्हटलं की खूश होत, म्हणून सगळे म्हणत. दुसरे बॅटरी. वायरिंगचं काम त्यांचं आणि त्यांच्या जिभेचं चार्जिंग कधी उतरत नसे.

या क्लबाची एक रीत होती. कोणाच्याही गाडीचं उघडलेलं इंजिन पुन्हा जोडून मिटवण्याआधी सगळ्या सभासदांनी जमायचं आणि एकेकाने इंजिनातला मुख्य दांडा एका बोटाने फिरवून पाहायचा. ज्याने बेअरिंग बसवलं त्याचं बोट पहिलं. कोणालाही दुसरं बोट लावावं लागलं तर सगळं पुन्हा उघडायचं. मग तो कितीही मोठा माणूस असो, कितीही वर्षं खपलेला असो.

आता हा दांडा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण काकांचा जीव त्याच्यातच अडकला होता. इंजिनाच्या पोटात एक वाकड्या कोपरांचा जाड लोखंडी दांडा असतो, क्रँकशाफ्ट. उचलायला दोन माणसं लागतात. इंजिनाची सगळी ताकद त्याच्यातून चाकांकडे जाते. तो ज्या बेअरिंगांवर फिरतो ती हल्ली दुकानात तयार मिळतात. काकांच्या गाडीच्या काळी ती ओतून करत. पितळेच्या दोन अर्धगोल वाट्या, आतून पांढऱ्या धातूचा थर, तोही नखाने ओरखडा उठेल इतका मऊ. हा थर हाताने खरवडत खरवडत दांड्याच्या अंगाशी जुळवायचा. जुळला, की फिरत्या दांड्याच्या आणि धातूच्या मध्ये तेलाचा एक पापुद्रा शिरतो, केसाहून बारीक. मग दांडा धातूला शिवतच नाही. गाडी, गाडीतली माणसं, त्यांचं सामान, समोरचा चढ, सगळा भार त्या पापुद्र्यावर तरंगत राहतो.

कप्तानांनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा काकांना वाटलं, नव्या सभासदाची थट्टा चालली आहे. थट्टा नाही हे कळल्यावर ते वाकून त्या दांड्याकडे बघायला लागले. त्या दिवशी जेवताना त्यांनी काकूंना ते तीनदा सांगितलं. "अगं, शिवत नाही! लोखंड तरंगतं!" काकूंनी तिन्ही वेळा 'हो का' म्हटलं आणि ताटात वाढलं. पण काकांना ते आश्चर्य पुरून उरलं. रस्त्याने कुठलीही खटारा गाडी गेली तरी ते थांबून बघत. तिच्या पोटात आत्ता काय चाललंय हे ठाऊक असलेला आख्ख्या रस्त्यावर आपण एकटेच, असं त्यांना वाटे आणि अंगावर काटा येई.

आणि गंमत अशी की हे काम त्यांना येत होतं. कवळी बसवताना पेशंटला निळा कागद चावायला देतात. जिथे दात उंच असेल तिथे निळा ठिपका उमटतो. तिथे घासायचं, पुन्हा चावायला सांगायचं. बेअरिंगचंही तसंच. दांड्याला निळ्या रंगाचा अगदी पातळ हात द्यायचा, वाटीत ठेवून फिरवायचा, जिथे रंग लागला तो उंचवटा, तो खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा ठिपके. ठिपके सगळीकडे सारखे पसरले, की जमलं. क्लबात बाकी कोणाला हे जमत नव्हतं. कप्तानांना सगळं माहीत होतं, पण त्यांची नजर आता अधू झाली होती. इतरांच्या इंजिनांची बेअरिंगं काकांनीच बसवली होती. स्वतःच्या गाडीची पाच होती. चार झाली होती.

पाचवं सगळ्यात मागचं, सगळ्यात रुंद, सगळ्यात जास्त भार झेलणारं. आणि ते करायची वेळ आली तेव्हा काकांचा उजवा हात थरथरायला लागून बराच काळ लोटला होता.

सुरुवात अंगठ्यापासून झाली. चहाचा कप बशीवर वाजायचा. मग काका बशी घेईनासे झाले. गप्पा मारताना उजवा हात खिशात जाऊ लागला. झाकली मूठ सव्वा लाखाची. घरात, क्लबात, कोणालाच त्यांनी सांगितलं नाही. डॉक्टरलाही नाही, कारण डॉक्टर दुखण्याला नाव देतो आणि एकदा नाव दिलं की ते पाहुण्यासारखं घरातच राहायला येतं. सकाळी हात जरा शांत असायचा. तेवढ्या वेळात चार बेअरिंगं उरकली होती. हात गेले तर आपल्याकडे उरतं काय, हा विचार ते रोज खिशातल्या हाताबरोबर दाबून ठेवत.

पाचव्या बेअरिंगचं काम जवळजवळ संपत आलं होतं, तेव्हा खरवडायचं हत्यार, स्क्रेपर, हातातून निसटलं. मऊ धातूत एक खोल चर गेला, वाटीच्या या काठापासून पार त्या काठापर्यंत. खरवडलेला धातू परत चिकटत नाही. काका बराच वेळ त्या चराकडे बघत उभे राहिले. बाहेर बॅटरींचा आवाज आला, कप्तान काठी आपटत येत होते. आणि काकांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. निळ्या रंगात बोट भरून दांड्यावर दाट लेप दिला आणि वाटीत फिरवला. दाट रंग खळग्यातही उतरतो. वाटी आतून निळीशार झाली, एकसारखी.

"बघू," कप्तान चष्मा वर सरकवत वाकले. "वा! आख्खी निळी! हातच्या काकणाला आरसा कशाला? काका, तुमचं काम तपासायचं म्हणजे आम्हालाच लाज वाटते."

"येत्या रविवारी बोट लावू या मग!" बॅटरी म्हणाले. "पेढे-बिढे काही नकोत, नुसतं चहावर भागवू. बरोबर बिस्किटं मात्र बरी आणा."

काका हसले. खिशातला हात जोरात थरथरत होता. चर पडून सैल झालेलं बेअरिंगही एका बोटाने फिरतं, उलट जास्तच सहज फिरतं, हे त्यांना ठाऊक होतं. परीक्षा पास होणार होती. नंतर कुठल्याशा चढावर त्या चरातून तेल निसटणार होतं, पापुद्रा फाटणार होता आणि लोखंड धातूला शिवणार होतं. कवळी टोचली तर माणूस दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन येतो. इंजिन तक्रार करत नाही, सरळ जळतं.

त्यांची सून तिथेच होती. ती डबा पोचवायला आली होती, कारण काका गॅरेजात गेले की जेवायचं विसरतात आणि मग घरी येऊन चिडचिड करतात, असा काकूंचा जुना अनुभव होता. मुलगा कामासाठी परगावी असायचा. सून बेकरीत केकवर नक्षी काढायची, नावं लिहायची, गुलाब करायची. काका त्याला 'साखरेचं शिवणकाम' म्हणत. ती रागवायची नाही. डबा ठेवून ती वाटीकडे बघत राहिली होती, बोलली काही नव्हती.

बोलली ती संध्याकाळी, जेवताना.

"बाबा, एक विचारू? त्या चार वाट्यांत बारीक बारीक ठिपके होते. आजच्या वाटीत सगळंच निळं कसं?"

"झालं काम, म्हणून निळं."

"नाही, म्हणजे रंगच दाट लावलेला दिसला. आमच्याकडे केक वाकडा भाजला गेला की आम्हीसुद्धा वरून क्रीम दाट लावतो."

चोराच्या मनात चांदणं. काकांनी चमचा ताटात आपटला. "केक आहे का तो? गुलाब काढायचेत का त्याच्यावर? जिथलं कळत नाही तिथे बोलू नये माणसाने!"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग चमच्याकडे. चमचा ताटावर पडून राहिला होता, पण काकांचा हात अजून हलत होता, टेबलाच्या कडेवर टकटक, टकटक. काकूंनी आपला हात त्या हातावर ठेवला. "मला वाटलंच होतं," एवढंच म्हणाल्या, "बशी घेत नाही म्हणजे काय?"

काकांना जेवण गेलं नाही. लाज वाटली ती खोटेपणाची की पकडलं गेल्याची, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. सकाळी ते सुनेच्या दाराशी आले. "बेकरीला आज सुट्टी घेतेस?" ते म्हणाले. "मला तुझे हात हवेत."

गॅरेजात कोणी नव्हतं. काकांनी फडक्याने निळा रंग पुसला आणि चर दाखवला. कसा पडला ते सांगितलं. दाट रंगाचंही सांगितलं. सुनेने चरावरून बोट फिरवलं आणि चेहऱ्यावर काही न दाखवता म्हणाली, "मग आता काय, पुन्हा भाजायचा?"

"पुन्हा ओतायचं."

ओतणं काकांनी निम्मं आयुष्य केलं होतं. जुना थर वितळवून काढला, वाट्या घासल्या, तापवल्या. पळीत पांढरा धातू आधी मळकट राखाडी होता. मग कडेने सैल झाला, मधे बुडाला आणि वरची साय काकांनी चमच्याने बाजूला करताच खाली आरसा निघाला. पत्र्यातल्या खिडकीचं सगळं आभाळ त्यात उतरलं होतं. सून ओणवी होऊन बघत राहिली. "बाबा," ती हळूच म्हणाली, "हे रोज होतं तुमच्याकडे?" काका म्हणाले, "रोज." आणि आपण इतकी वर्षं हे रोज बघितलं, या गोष्टीचंच त्यांना नवल वाटलं. पळी सुनेने ओतली. धार एकदाही तुटली नाही.

लेथवर जाडसर कातून झाल्यावर खरं काम सुरू झालं. काकांनी तिच्या हातात स्क्रेपर दिला, मागे उभे राहिले आणि तिच्या हातावर आपला हात ठेवला.

"ढकलायचं नाही. कापायचं नाही. साय काढतो तसं. दुधाला कळता कामा नये."

पहिला ओरखडा वाकडा गेला, दुसराही. तिने पुन्हा धरलं. पुन्हा वाकडा. तिसऱ्या वेळी ती थांबली. मान न वळवता, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुमचा हात काढा. त्याने माझा हलतोय."

काकांनी हात काढला. ती काय म्हणाली हे तिला कळलं होतं आणि त्यांनाही. गॅरेजात पत्रा तापल्याचे बारीक आवाज होत होते. काका एक पाऊल मागे सरकले, मग आणखी एक. कुठे उभं राहावं ते त्यांना सुचेना. आयुष्यात पहिल्यांदाच ते एखाद्या कामाजवळ हात लोंबते ठेवून उभे होते.

सुनेने श्वास घेतला, सोडत सोडत स्क्रेपर ओढला. केकवर नाव लिहिताना ती तसंच करायची. धातूचा एक कीस निघाला, कोवळ्या नखासारखा, आणि वळून खाली पडला. खालची जागा तुकतुकीत, सपाट.

"बरोबर आलं का?"

"आलं," ते म्हणाले. "डावीकडचा ठिपका बघ. तो मोठाय, पण फिका. फिक्याला हात लावायचा नाही. गडद शोध."

त्यानंतर ते फक्त डोळे आणि तोंड उरले. रविवारपर्यंत सून रोज बेकरीतून सुटली की थेट गॅरेजात येई, हाताला व्हॅनिलाचा वास घेऊन. बॅटरी विचारायचे, "सूनबाई रोज रोज?" काका म्हणायचे, "डबा." बॅटरी म्हणायचे, "फार खाता हो हल्ली!" मग काका वाटी घेऊन कोपऱ्यात जात आणि दोघं कुजबुजत बसत. तिचा हात जिथे चुकेल तिथे काका आधीच थांबवत. जिथे काका घाई करत तिथे ती म्हणे, "थांबा हो, रंग पातळच लावू." रंग इतका पातळ, की दांड्यावर तो आहे की नाही हे बोटाने पुसूनच कळे. ठिपके आधी चार-दोन ढोबळ होते. मग पुष्कळ झाले. मग इतके बारीक झाले की वाटीच्या आत निळी रांगोळीची भुकटी शिंपडल्यासारखी दिसायला लागली, या काठापासून त्या काठापर्यंत सारखी. काकांनी ती वाटी खिडकीखाली नेली, चष्मा काढून जवळून पाहिली, चष्मा लावून लांबून पाहिली. त्यांच्या स्वतःच्या चार वाट्या बाजूलाच ठेवल्या होत्या. पाचवी त्यांच्याहून सरस होती. हे मान्य करायला त्यांना त्रास झाला नाही, याचंच त्यांना थोडं आश्चर्य वाटलं.

रविवारी सगळे जमले. काकूही आल्या, बिस्किटं घेऊन. दांडा पाचही बेअरिंगांत बसवून, तेल देऊन, वरची झाकणं आवळून ठेवली होती. दांड्याच्या टोकाला मेणाने एक लांब काडी चिकटवली होती, म्हणजे तो किती फिरला हे मागे उभ्या असलेल्यांनाही दिसावं.

"या काका," कप्तान म्हणाले. "बेअरिंगवाल्याचं बोट पहिलं."

काका पुढे झाले नाहीत. उजवा हात खिशात होता. "पाचवं मी केलेलं नाही," ते म्हणाले. "तुम्हाला जे निळं दाखवलं, ती फसवणूक होती. रंग दाट लावला होता, खाली चर होता. ते बेअरिंग मी काढून टाकलं. आत्ता जे आहे ते हिने केलंय. पहिलं बोट हिचं."

कोणी काही बोललं नाही. बॅटरीसुद्धा नाही, आणि क्लबाच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. कप्तानांनी एकदा काकांकडे आणि एकदा सुनेकडे पाहिलं. फसवणूक या शब्दावर ते काहीतरी बोलणार होते, पण मग त्यांनी काठीनेच तिला पुढे यायची खूण केली.

सुनेने पदराला हात पुसले, बोट पुढे केलं आणि काडीच्या खाली टेकवलं. ढकलल्यासारखं कोणालाच दिसलं नाही. दांडा निघाला. दोन माणसांनी कण्हत कण्हत उचललेलं ते धूड आवाज न करता फिरू लागलं, वाकडी कोपरं एकामागून एक वर येऊ लागली, तेलाने काळी, चमकत. तिने बोट काढून घेतलं. दांडा फिरतच राहिला. काडी वर गेली, पलीकडे उतरली, पुन्हा वर आली आणि मग कोणी हाताने धरून अलगद ठेवावी तशी थांबली.

"अरे बापरे," बॅटरी म्हणाले. त्या दिवशी त्यांना एवढंच सुचलं.

"आता तुम्ही," सून काकांना म्हणाली.

डावं बोट लावता आलं असतं. काका तेच पुढे करायला निघाले होते. पण समोर ते पाच बेअरिंगांवर तरंगणारं लोखंड होतं आणि त्याच्यापुढे दुसऱ्यांदा खोटं करणं त्यांच्याने होईना. त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि बोट दांड्यावर टेकवलं.

काडी थरथरू लागली.

सगळ्यांना दिसली. लांब काडी, तिचं टोक हवेत बारीक बारीक हलत होतं, बोटाच्या प्रत्येक कंपाबरोबर. कप्तानांना आधी वाटलं दांडा अडतोय, ते वाकले आणि मग त्यांची नजर दांड्यावरून बोटावर, बोटावरून काकांच्या चेहऱ्यावर गेली. ते हळूच सरळ झाले. काकूंच्या हातातला बिस्किटांचा पुडा चुरचुरला. सून पुढे सरकली, काकांचा हात धरायला, पण काकांनी डाव्या हाताने तिला थांबवलं.

त्यांना हात काढायचा नव्हता. ते त्या काडीकडे बघत होते, पळीतल्या धातूकडे बघायचे तसे. आतापर्यंत खिशात दाबलेलं, बशीपासून, डॉक्टरपासून, बायकोपासून लपवलेलं ते कापरं इतक्या जड लोखंडातून निघून काडीच्या टोकापर्यंत पोचत होतं. वाटेत कुठेही अडत नव्हतं, हरवत नव्हतं.

"माझा हात थरथरतो," काका मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बरेच दिवस झाले. ते सोडा. इकडे बघा, हिने काय करून ठेवलंय! एवढीशी थरथर, तीसुद्धा पोचते!"

त्यांच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. त्यांनी बोट तिथेच ठेवलं आणि म्हणाले, "या ना, जवळून बघा."

सगळे जवळ आले.